सव्वा लाख फुटांवरून उडी न मारता परतलेला माणूस

मोलेहून अनमोडचा घाट चढू लागले की अर्ध्या वाटेत कानांना दडे बसतात. कुणी जांभई देतो, कुणी आवंढा गिळतो. मागच्या आसनावरील मुलाच्या हातातले वेफर्सचे पाकीट फुगून टणक झालेले असते. माथ्यावर पोहोचून जोयडा तालुक्यात प्रवेश केला, तरी आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम पाच-सहाशे मीटर वर आलेलो असतो आणि हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनीच उतरलेला असतो. एवढाही फरक शरीराला कळतो. निकोलस जॉन पियांतानिडा या अमेरिकन ट्रकचालकाने २ फेब्रुवारी १९६६ रोजी जी उंची गाठली, ती १,२३,५०० फूट, म्हणजे सुमारे ३७,६०० मीटर होती. पृथ्वीच्या वातावरणाचा दोनशे भागांतला एखादा भागच तेथे त्याच्या डोक्यावर शिल्लक होता. बाकी सारे पायांखाली. तेथून उडी मारण्यासाठीच तो गेला होता. ती उडी त्याला मारता आली नाही.

आकाशातून उडी म्हटले की आजच्या वाचकाला २०१२ मधील फेलिक्स बाउमगार्टनर आठवतात. जगभर लाखो लोकांनी ती उडी घरबसल्या पाहिली. त्याच्या ४६ वर्षे आधी, कोणत्याही वायुदलाचा गणवेश अंगावर नसताना, जवळपास त्याच उंचीवर एक माणूस एकट्याने बसून आला होता. निक पियांतानिडांचे नाव हवाई क्रीडांच्या इतिहासात घेतले जाते ते बहुधा अपयशाच्या प्रकरणात. हे प्रकरण मुळातून वाचावे असे आहे.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९३२ चा. बालपण न्यू जर्सी राज्यातील युनियन सिटीत, दाटीवाटीच्या इमारतींत गेले. दहा वर्षांच्या निकने घरीच एक पॅराशूट तयार केले आणि गल्लीतल्या एका भटक्या मांजराला बांधून ते पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडले. शेजाऱ्याने चहाडी केली, घरी बोलणी बसली. त्यावर या मुलाने मांजराला मोकळे केले आणि पुढचा प्रयोग स्वतःवर केला. त्याने त्यापेक्षा ठेंगण्या छपराची निवड केली. तरी हात मोडलाच. चरित्रकारांना अशा बालकथा प्रिय असतात आणि त्यांतून भविष्य वाचण्याचा मोह आवरावा हे बरे. मात्र दोष दाखवला की माघार न घेता स्वतःच पुढे होण्याची ही खोड शेवटपर्यंत टिकली, हे खरे.

उंचापुरा, बळकट बांधा. बास्केटबॉलमध्ये चांगले नाव. सैन्यातील काही वर्षे. तरुणपणीच एका मित्राला सोबत घेऊन ते व्हेनेझुएलातील औयान-तेपुई या पठारी पर्वताकडे वळले. एंजल धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, त्याच उत्तरेकडील बाजूने तो पर्वत प्रथम चढून गेले ते हे दोघे. परतल्यावर दूरचित्रवाणीवरही झळकले.

आपल्या दूधसागराचे रूप डोळ्यांसमोर असलेल्यांना एंजलची कल्पना करणे अवघड नाही. कुळेहून कॅसलरॉककडे जाणारी गाडी घाट चढत पुलावर येते आणि उजाड कातळावरून उतरणारे ते पांढरे पाणी खिडकीत येऊन ठाकते. दूधसागराची उंची ३१० मीटर. पाणी कातळाला न स्पर्शता, मध्ये हवाही नसताना एवढे खाली आले असते, तर तळाशी त्याचा वेग ताशी २८० किलोमीटर असता आणि त्याखाली उभे राहणे तोफेपुढे उभे राहण्यासारखे झाले असते. प्रत्यक्षात अंगावर येतात ते तुषार. कातळाचे टप्पे त्याला अडवतात हे एक. दुसरे म्हणजे हवा. पडणाऱ्या पाण्याला ती फोडते, थेंबांचे तुषार करते, आणि प्रत्येक थेंबाला त्याच्या आकारमानाप्रमाणे एका ठरावीक वेगापलीकडे जाऊ देत नाही. ९७९ मीटरच्या एंजलमध्ये तर पाण्याचा मोठा भाग खाली पोहोचण्यापूर्वीच धुके होतो. पियांतानिडा दिवसेंदिवस त्या धुक्याशेजारून चढत होते. हवा पडणाऱ्याला धरते, हा धडा त्यांनी तेथे घेतला की नाही ठाऊक नाही. पण पुढील आयुष्य याच एका गोष्टीभोवती फिरले.

माणसाचेही तसेच. गणेशगुडीजवळील सुपा धरण १०१ मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून सुटलेला दगड साडेचार सेकंदांत तळ गाठतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी १६० किलोमीटर झालेला असतो. विमानातून पोटावर आडवा होऊन उडी घेणारा माणूस साधारण दहा-बारा सेकंदांत ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो आणि तेथेच थांबतो. वजन खाली ओढते तेवढ्याच जोराने हवा वर रेटते. मग तो एक किलोमीटर पडो की चार, वेग वाढत नाही. या समतोलावरच पॅराशूट उडीचा सारा खेळ उभा आहे. पण तो समतोल दाट हवेतला. वर जावे तशी हवा विरळ होते आणि तोल साधण्यासाठी शरीराला अधिकाधिक वेगाने पडावे लागते. तीस किलोमीटरवर हवेची घनता जमिनीवरच्या दीड टक्क्याएवढी उरते. तेथे हा अंतिम वेग आठपट होऊ पाहतो.

१९६३ मध्ये पियांतानिडा विवाहित होते, न्यू जर्सीतच राहत होते आणि विदेशी पाळीव प्राणी विकण्याचा व्यवसाय करीत होते. एके दिवशी लेकवुड येथील पॅराशूट केंद्रावर काही जण आकाशातून उतरताना त्यांनी पाहिले. लगेच प्रशिक्षण घेतले; शेकडो उड्या झाल्या; तज्ज्ञाचा परवाना मिळाला. मग कानावर आले की सर्वाधिक उंचीवरून उडी घेण्याचा अधिकृत विक्रम सोव्हिएत संघाकडे आहे. तो आपल्या देशाकडे आणायचा, असे या माणसाने मनाशी ठरवले. कुणी सांगितले नव्हते, कुणी नेमले नव्हते. या तयारीसाठी वेळ मिळावा म्हणून त्यांनी ट्रक चालवण्याची नोकरी धरली.

तो विक्रम समजून घेतला पाहिजे. १ नोव्हेंबर १९६२ रोजी येवगेनी आंद्रेयेव आणि प्योत्र दोल्गोव हे सोव्हिएत वायुदलाचे दोन अधिकारी ‘व्होल्गा’ नावाच्या बलूनमधून वर गेले. आंद्रेयेव यांनी साडेपंचवीस किलोमीटरच्या आसपास उडी घेतली आणि २४,५०० मीटर मोकळे पडत ते सुखरूप उतरले. दोल्गोव थोडे अधिक वरून निघाले. निघताना त्यांच्या शिरस्त्राणाची काच पेटीला आपटून तडकली. पोशाखातील दाब गेला. त्यांचे पॅराशूट ठरल्याप्रमाणे लगेच उघडले आणि मृतदेह कितीतरी वेळाने, सावकाश, जमिनीवर उतरला. अमेरिकेचे जो किटिंजर १६ ऑगस्ट १९६० रोजी याहूनही वरून, ३१,३३३ मीटरवरून उडाले होते. पण त्यांनी स्थिरतेसाठी एक लहान छत्री वापरली होती आणि ती उडी विक्रम म्हणून नोंदवण्यासाठी पाठवलीच गेली नव्हती. नोंदवहीत नाव होते ते आंद्रेयेव यांचे.

येथे सामान्य समजुतीला धक्का देणारी एक बाब आहे. उंचावरून पडणाऱ्याने पॅराशूट जितके लवकर उघडावे तितके बरे, असे आपल्याला वाटते. वीस-तीस किलोमीटरवर मात्र ते घातक ठरते. एक तर प्रचंड वेगात उघडलेली छत्री असा हिसका देते की ती फाटते किंवा माणूस जायबंदी होतो. ती टिकलीच, तर माणूस उणे पन्नास अंशांहून खाली गेलेल्या थंडीत, श्वास घेण्याजोगी हवा नसलेल्या प्रदेशात, पाऊण तास लोंबकळत राहतो. पाठीवरील प्राणवायू तेवढा पुरत नाही. तेथून लवकर खाली येणे हीच सुरक्षितता. पण छत्री न उघडता पडावे, तर हात-पाय पसरून तोल सावरायला हवेचा आधार नाही. शरीराला जराशी जरी गिरकी मिळाली तरी ती थांबवायला काही नसते. नोव्हेंबर १९५९ मधील पहिल्याच चाचणीत किटिंजर यांची लहान छत्री वेळेआधी सुटली, तिचा दोर त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला गेला आणि शरीर मिनिटाला सुमारे १२० फेरे घेऊ लागले. रक्त डोक्याकडे आणि पायांकडे फेकले जाऊन ते बेशुद्ध झाले. आपोआप उघडणाऱ्या राखीव पॅराशूटने त्यांना वाचवले. सावकाश यावे तर गुदमरणे, वेगाने यावे तर गिरकी. या दोहोंमधली वाट किटिंजर यांनी त्या लहान स्थिरक छत्रीने काढली. पियांतानिडांना तीही नको होती. विक्रम मोकळ्या पडण्याचा होता.

एकट्या माणसाने याची तयारी कशी करावी? त्यांनी हवामानशास्त्र वाचले, बलूनचे तंत्र शिकून घेतले, शरीरावर विरळ हवेचे काय परिणाम होतात ते अभ्यासले. अंतराळवीरांसारखे दाबयुक्त पोशाख बनवणाऱ्या डेव्हिड क्लार्क कंपनीला गळ घालून पोशाख उसना मिळवला. सुमारे १९ किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका उतरतो की पाणी ३७ अंशांना, म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेवरच, उकळू लागते. नसांतील रक्त दाबाखाली असल्याने तसेच राहते; पण डोळ्यांतील, तोंडातील ओलावा आणि ऊतींतील पाणी वाफ होऊ पाहते, अंग सुजू लागते. १९६० च्या उड्डाणात किटिंजर यांच्या उजव्या हातमोज्यातील दाब गेला, तेव्हा तो हात फुगून निकामी झाला होता. जमिनीवर आल्यावर काही तासांनी पूर्ववत झाला. पोशाख म्हणजे अंगाभोवती नेलेले जमिनीवरचे हवामान. त्याचे सर्वांत नाजूक ठिकाण म्हणजे चेहऱ्यावरील काच.

बलून होते पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याचे. ही जात आपल्याकडे अनोळखी नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून अशीच बलून तीस ते चाळीस किलोमीटरवर सोडली जातात, आणि उपकरणांच्या पेट्या पॅराशूटने महाराष्ट्र-कर्नाटकातील शेतांत उतरल्यास त्यांना हात लावू नये, अशी सूचना त्या हंगामात वृत्तपत्रांतून येते. त्या पेट्यांत माणूस नसतो. पियांतानिडांच्या बलूनखाली एका माणसापुरती उघडी पेटी होती आणि तीत ते स्वतः.

पहिले उड्डाण २२ ऑक्टोबर १९६५ रोजी मिनेसोटातील सेंट पॉल येथून झाले. सुमारे २२,७०० फुटांवर वाऱ्याच्या आडव्या झोताने बलूनचा माथा फाटला. पियांतानिडा पॅराशूटने उतरले ते शहराच्या कचराडेपोत. वर्तमानपत्रांना हसायला विषय मिळाला.

दुसरे उड्डाण साउथ डकोटातील सू फॉल्स येथून, फेब्रुवारीतल्या कडक थंडीत. या वेळी सारे सुरळीत पार पडले. बलून चढत चढत १,२३,५०० फुटांवर गेले. तोपर्यंत कोणताही माणूस बलूनमधून इतका उंच गेला नव्हता. वर काळे आकाश, खाली वळलेली पृथ्वी. आता एवढेच करायचे होते: पेटीतील प्राणवायूची नळी पोशाखापासून वेगळी करायची, अंगावरील बाटलीवर श्वास घ्यायचा आणि पाऊल बाहेर टाकायचे. नळीची जोडणी सुटेना. दाबाने फुगलेल्या हातमोज्यांत बोटे वळत नाहीत. गोठलेला धातू हलत नव्हता. एखादा साधा पाना जवळ असता तर कदाचित काम झाले असते. तो नव्हता. वर्षानुवर्षांची तयारी, उसना पोशाख, हेलियमने भरलेले अजस्र बलून, आणि शेवटी अडले ते एका पिळाला. ट्रक चालवणाऱ्या माणसाच्या गाडीत असतो तसा पाना सव्वा लाख फुटांवर नसावा, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

जमिनीवरील पथकाने बलूनपासून पेटी तोडली. पेटीला स्वतःचे पॅराशूट होते, पण त्या पातळ हवेत त्याला पकड मिळेपर्यंत ती काही हजार फूट जवळजवळ मोकळीच कोसळली. पियांतानिडा जिवंत उतरले. उडीचा विक्रम नाही, आणि बलूनसह खाली आले नाहीत म्हणून उंचीचाही विक्रम अधिकृत नाही. पुस्तकात नाव राहिले ते माल्कम रॉस आणि व्हिक्टर प्रेथर यांचे. ४ मे १९६१ रोजी ते ३४,६६८ मीटरवर गेले होते. सुखरूप समुद्रात उतरल्यावर प्रेथर यांनी शिरस्त्राणाची काच उघडली; हेलिकॉप्टरच्या दोरावरून ते निसटले, पोशाखात पाणी शिरले आणि ते बुडाले. इतकी उंची पाहून आलेला माणूस समुद्राच्या पृष्ठभागावर गेला.

येथे थांबायला हवे होते, असे आज सहज म्हणता येते. घरी पत्नी आणि तीन लहान मुली होत्या. पण सव्वा लाख फूट गाठून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला आपण एका पिळाच्या अंतरावर होतो याचाच विसर पडत नसावा. तीन महिन्यांत पुन्हा बलून सज्ज झाले. माझ्या मते चूक असेल तर ती धाडसात नव्हती, घाईत होती. किटिंजर यांच्या मागे वायुदलाची प्रयोगशाळा होती, चाचण्यांची रांग होती. पियांतानिडांना प्रत्येक चाचणी म्हणजे नवा देणगीदार आणि नवे उड्डाण. प्रत्येक वेळी थेट माथाच गाठायचा होता.

१ मे १९६६, पुन्हा सू फॉल्स. ५७,००० फुटांच्या सुमारास, अजून निम्मीही वाट झाली नसताना, खालच्या पथकाला ध्वनियंत्रावर हवा सुटल्याचा फुत्कार ऐकू आला, आणि पाठोपाठ अर्धवट तुटलेला मदतीचा शब्द. पोशाखातील दाब गेला होता. त्या उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या बाराव्या हिश्श्याएवढा असतो. तेथे श्वास घेतला तरी फुप्फुसातून रक्तात प्राणवायू जाण्याऐवजी रक्तातला प्राणवायूच उलट बाहेर येऊ लागतो; शुद्ध टिकते ती दहा-पंधरा सेकंद. पथकाने तत्काळ पेटी बलूनपासून तोडली. दुसरा उपायच नव्हता. पेटीचे पॅराशूट या वेळी व्यवस्थित फुलले आणि ती सुमारे २५ मिनिटे सावकाश खाली येत राहिली. मोकळा पडलेला माणूस तेथून दोन-अडीच मिनिटांत श्वास घेण्याजोग्या हवेत आला असता. त्यांना सांभाळून आणणारी छत्रीच त्यांना विरळ हवेत धरून होती.

मिनेसोटातील वर्दिंग्टनजवळच्या शेतजमिनीत पेटी टेकली तेव्हा श्वास चालू होता. मेंदूला झालेली इजा भरून येणारी नव्हती. बेशुद्धीतच चार महिने गेले आणि २९ ऑगस्ट १९६६ रोजी त्यांचा मृत्यू झाला. चौतिसावा वाढदिवस होऊन दोन आठवडे झाले होते. काच आपोआप उघडली, निकामी झाली, की त्यांनीच काही कारणाने तिला हात लावला, याचा निर्णय चौकशीत लागला नाही. त्यांची पेटी आज वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या दालनात ठेवलेली आहे.

त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ त्या उंचीवर उडीसाठी कुणी पोहोचले नाही. आपल्याकडे पुण्याच्या शीतल महाजन यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्ट परिसरात २१,५०० फुटांवरून उडी घेतली. तीही प्राणवायू सोबत नेऊनच घ्यावी लागणारी उंची, आणि पियांतानिडांचे पहिले बलून जेथे फाटले त्याच्या थोडी खाली. बाउमगार्टनर १४ ऑक्टोबर २०१२ रोजी ३८,९६९ मीटरवरून निघाले, ताशी १,३५७ किलोमीटर वेगाने ध्वनीलाही मागे टाकून गेले, वाटेत भयंकर गिरकीत सापडले आणि दाट हवेत आल्यावर सावरले. त्यांची कुपी बंद आणि दाबयुक्त होती. तिच्यातून बाहेर पडण्याचा प्रत्येक टप्पा यादीनुसार, जमिनीवरून एकेक करून वाचून दाखवला जात होता. वाचून दाखवणारे होते वयाच्या ऐंशीच्या घरातले जो किटिंजर.

दोन वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०१४ रोजी, ५७ वर्षांचे संगणक अभियंते अॅलन युस्टेस ४१ किलोमीटरहून अधिक उंचीवरून उतरले. त्यांनी पेटीच ठेवली नव्हती. बलूनखाली ते पोशाखासह थेट टांगले गेले होते आणि लागणारा सारा प्राणवायू अंगावरच होता. सुटताना वेगळी करायची अशी कोणतीही नळी नव्हती.